एक राहिलेला निरोप

त्या वर्षी आमच्या घरात शाळा दुपारी दीडला भरायची, कारण देवासच्या कारखान्यात नानांची जेवणाची सुट्टी दीडला व्हायची. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही धारला, ते देवासला आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्यांच्या खिशात. कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा ते नेमके तिकडे होते. पुढे कारखाना सुरू झाला, पण या अटीवर की कामगारांनी देवास सोडायचं नाही आणि रोज सकाळी ताप मोजून त्याचा फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकायचा. म्हणजे नाना अडकले आणि त्यांच्याबरोबर फोनही अडकला. माझ्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप त्याच फोनवर होता. आमच्या राठौर मॅडम राहायच्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिथून त्या धडा पाठवायच्या, तो देवासला जाऊन नानांच्या डब्याशेजारी उघडायचा आणि नाना तो मोठ्यानं वाचून आमच्या बटणांच्या फोनवर परत धारला पोचवायचे. दोन गल्ल्या ओलांडायला माझ्या विद्येला रोज देवासची वारी घडायची.

घरात आम्ही तिघीच. आई, मी आणि अक्का. अक्का नानांच्या थोरल्या बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच असलेल्या. सकाळी दहा वाजले की सगळ्या गल्लीत थाळ्या वाजायच्या. लहान वर्गांच्या पोरांसाठी सरकारचं तसं फर्मानच होतं, थाळी वाजवा आणि घरातच शाळा भरवा. कुणी उलथन्यानं वाजवी, कुणी कडछीनं, समोरच्या घरातली आजीबाई तर आरतीच्या ठेक्यात वाजवायची. मला तो आवाज ऐकला की काही सुचत नसे. त्यांची शाळा भरली आणि माझी भरायला अजून साडेतीन तास! माझ्या पायाला आधीच भिंगरी, त्यात गल्लीच्या तोंडाशी रस्ता अडवायला बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, बांधलेल्या. मी ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून ओट्यापर्यंत येरझारा घालायची. अक्का वाती वळता वळता म्हणायच्या, "गौरे, बस की गं बाई एका जागी. फरशी झिजवशील." बसायचं कशाला आणि कुठे? फोन खिडकीत तांदळाच्या डब्यावर ठेवलेला असायचा, कारण रेंज तिथेच यायची, आणि मी त्या डब्याकडे शंभर वेळा बघून यायची.

आज मी स्वतः गंधवानीच्या एका शाळेत शिकवते. वर्गात एखादी पोरगी सारखी दाराकडे बघत असली, पाय हलवत असली, तर मी तिला दटावत नाही. पाणी आणायला पाठवते.

दीडला फोन यायचा. मागे यंत्रांची घरघर, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आणि मग नानांचा स्टोअरमधला, माल मोजताना असतो तसा सपाट आवाज, "लिही. प्रश्न पहिला." ते हिंदीत वाचायचे, मी लिहायची. मग मी हिंदीत उत्तरं सांगायची आणि ते लिहून घ्यायचे, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. पाठ हिंदीत आणि भांडण मराठीत, असा आमचा रिवाज होता. कारण भांडण रोज व्हायचं. ते एकेक अक्षर सावकाश काढायचे, अर्धा तास चुटकीसरसा संपायचा आणि भोंगा झाला की माझं उत्तर निम्म्यात सोडून ते उठायचे. उरलेलं संध्याकाळी. आणि हे सगळं करणं भाग होतं, कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दर आठवड्याचं काम आलं पाहिजे, कुणी स्वतःहून सोडलं की रेग्युलरच्या यादीतून नाव कटणार, मग प्रायव्हेट फॉर्म भरा. आमच्या गल्लीत प्रायव्हेट म्हणजे काय ते सांगायला नको. प्रायव्हेट म्हणजे घरी बसणं आणि घरी बसलेल्या मुलीला पहिलं स्थळ महिन्याच्या आत येतं. माझ्या दोन चुलत बहिणी अशाच प्रायव्हेट होता होता सासरी पोचल्या होत्या.

आता आमच्या आडनावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही हलकारे. मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे आलो आणि पिढ्यान्‌पिढ्या कागद पोचवले. धारहून देवासला, देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीकडून धाकट्या पातीकडे, पायी. दरबार गेले, कागद गेले, पण अक्कांच्या लेखी आम्ही अजून चाकरीतच होतो. "निरोप्याला पाय असतात, मत नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका पूर्वजानं नेलेल्या कागदात त्यालाच नोकरीवरून काढायचा हुकूम होता म्हणे. त्यानं तो मुकाट पोचवला, हुकूम ऐकून घेतला आणि घरी येऊन जेवला. अक्का हे डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या. मी म्हणायची, "अहो अक्का, बावळट होता तो." मग दोन दिवस त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत.

दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, आमच्याकडे खलिता पुजतात. खलिता म्हणजे पत्र ठेवायची किनखापाची पिशवी, विटून विटून चहाच्या रंगाची झालेली. ती पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं हात जोडून मोठ्यानं म्हणायचं, "यंदाचे सगळे निरोप पोचले, एकही राहिला नाही." निरोप म्हणजे अगदी कुणाच्या बारशाचं बोलावणंसुद्धा. एखादा राहिलाच असेल तर तो ज्याचा त्याला परत करायचा, आपल्यापाशी ठेवून घ्यायचा नाही. नाना हे सगळं मनापासून पाळत. शेजारणीनं आईला सांगितलेलं टोमण्यासकट तसंच्या तसं आईपर्यंत पोचवणारा माणूस! आई म्हणायची, "अहो, थोडं गाळून सांगत जा की." ते म्हणायचे, "गाळायला मी काय चहा आणलाय?"

तर त्या पावसाळ्यात तिमाही परीक्षा आली. घरूनच, पण वेळेवर पाठवायची. आणि विज्ञानात शेवटचा प्रश्न आला भिंगाच्या आकृतीचा. उत्तर बोलून सांगता येतं हो, आकृती कशी सांगणार?

"नाना, आधी एक लांब आडवी रेघ काढा."

"काढली."

"तिच्या मधोमध भिंग. म्हणजे कसं, मसुराचा दाणा असतो ना, तसं."

"केवढा दाणा?"

"बोटभर."

"बोटभर मसूर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बरं, काढला."

"मधे एक टिंब द्या. आता डावीकडून दोन रेघा येतात, सरळ. भिंगातून वाकतात आणि पलीकडे एका बिंदूत मिळतात."

"मिळाल्यावर थांबू?"

"थांबू नका, पुढे जाऊ द्या. एकमेकींना ओलांडून फाकतात त्या."

"फाकवल्या," नाना म्हणाले, आणि भोंगा झाला.

संध्याकाळी परत फोन आला. मी झडप घालून उचलला. नानांनी घसा साफ केला आणि त्यांच्या त्या सपाट आवाजात निरोप पोचवला. "मॅडमचा आवाज आलाय ग्रुपवर. त्या म्हणतात, 'गौरी बेटा, ये लेंस है कि मछली? आँख भी है, पूँछ भी है.' खाली मुलींचे हसरे चेहरे आलेत. सतरा."

सतरा! मोजून सांगितले त्यांनी! आणि मग मला दिसलं काय झालं असणार ते. मसूर कधी उभा राहतो का? नानांनी तो रेघेवर आडवा ठेवला होता. आडवा दाणा, मधे टिंबाचा डोळा आणि मागे फाकलेल्या रेघांचं शेपूट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने कोंडून घातलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी फोन तोंडाशी धरून ओरडले, "मॅडमना सांगा, गौरी हलकारेनं शाळा सोडली. माझं नाव काटा म्हणावं. तुम्हाला दहावी जमली नाही, मला कशी जमू द्याल! हाच निरोप द्या. जसाच्या तसा!"

नाना दहावीला दोनदा बसले होते आणि दोन्हीदा नापास झाले होते. हे घरात कुणी कधी बोलत नसे. आईच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. अक्कांचं जपमाळेवरचं बोट थांबलं. पलीकडून नाना म्हणाले, "बरं. जसाच्या तसा." आणि फोन बंद झाला.

मी रागीट आहे हे मला ठाऊक आहे, अजूनही आहे. पण रागाच्या भरात बोललेलं दुसऱ्या दिवशी हसून पुसता येतं अशी माझी समजूत होती. इथे पुसायचं कसं? निरोप सांगितला होता, तोही नानांना. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळ्या वाजल्या तेव्हा मला वाटलं, आता मॅडमनी ऐकला असेल. दुपारी वाटलं, आता यादीवर रेघ मारली असेल. फोन करून "नाना, नका सांगू" असं म्हणायचं फार मनात होतं. पण नाक आडवं आलं. शिवाय ज्या माणसानं सतरा चेहरे मोजून सांगितले तो माझा निरोप रात्रभर खिशात ठेवेल हे शक्यच नव्हतं. मग मी घरकामावर तुटून पडले. भुट्ट्यांचे दिवस होते. आई कीस करायची आणि मी किसणीवर भुट्टे असे घासायची की बोटांची सालं निघायची. कढईत जिऱ्यामिरचीची फोडणी चरचरली की घरभर वास सुटायचा, दूध घातलं की तो मऊ व्हायचा, आणि मला एरवी वाटीवर वाटी लागायची त्या किसाचा घास गिळवत नव्हता.

नानांचा फोन दीडला रोज यायचाच. मी उचलत नव्हते. आई उचलायची, चार शब्द बोलायची आणि मग फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे तोंड करायची. "गौरे, नाना विचारतायत, भिंग मधे जाड असलं की किरण आत वळतात का बाहेर?"

मला वाटायचं, मला खिजवतायत. मी आतून ओरडायची, "आत! आत! किती वेळा सांगू?"

"आणि कडेला जाड असलं तर?"

"बाहेर!"

दुसऱ्या दिवशी, "अगं, चुन्याच्या निवळीत फुंकलं तर ती दुधाळ का होते?" तिसऱ्या दिवशी, "लोखंडाला गंज चढायला हवा लागते का पाणी?" मी म्हणायची, "दोन्ही लागतात, आणि त्यांना म्हणावं स्टोअरमध्ये बसता ना, तुम्हालाच ठाऊक हवं!" आई हे सगळं जसंच्या तसं पलीकडे सांगायची. एकदा तर साखरेच्या आजाराला कुठली ग्रंथी कारण असते ते मी किसणी आपटत तीन वाक्यांत समजावलं आणि आईनं ते तीन हप्त्यांत पोचवलं. दिवसाला चार-पाच प्रश्न व्हायचे. मी चिडायची आणि उत्तर द्यायची. उत्तर येत असताना गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

असे आठवड्यांमागून आठवडे गेले. मग बल्ल्या सुटल्या आणि वरच्या वर्गांच्या मुलींना शंका विचारायला शाळेत बोलवायला लागले. आमच्या गल्लीतली पल्लवी मास्क लावून दाराशी आली. "चल ना, मॅडमने लिस्ट में तेरा नाम पढ़ा."

"माझं नाव? काटलं असेल म्हणून वाचलं असेल."

"काय की! बोली, गौरी को जरूर लाना."

मला वाटलं, दाखला न्यायला बोलावलं असणार. गेले. वर्गात एका बाकावर एक मुलगी, मधे खडूच्या खुणा, फिनेलचा वास. मॅडमनी मला पुढे बोलावलं. मी मान खाली घालून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "क्यों वो, तू तो बड़ी पक्की निकली. एक हफ्ता नागा नहीं." आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

पानंच्या पानं होती. नानांचं अक्षर, मालाच्या रजिस्टरमधलं, सरळ आणि ठसठशीत. चुन्याची निवळी. गंज. ग्रंथी. माझी वाक्यं, मी किसणी आपटत बोललेली, फक्त चिडचीड काढून टाकलेली. आणि भिंगं! तो मासा सगळ्यात वर होता. त्याखाली दुसऱ्या दिवशीचं भिंग उभं झालं होतं पण पोट सुटलेलं. मग जरा बरं, मग आणखी बरं, आणि शेवटचं असं की छापलेल्या पुस्तकात शोभावं. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ, 'उत्तर गौरी का, लिखावट पिता की.' पहिल्या दिवसापासून. मला कधी सांगितलं नव्हतं.

"मॅडम," मी विचारलं, "नाना ने... मेरे बारे में कुछ कहा नहीं? कोई मैसेज?"

"नहीं तो. क्या कहना था?"

"कुछ नहीं," मी म्हणाले. त्या हसल्या, "उस दिन मछली बोल दिया तो बुरा लगा क्या? अरे, दो दिन मैं खुद पछताई." मला रडू येत होतं आणि मास्कमुळे ते कुणाला दिसत नव्हतं, एवढीच काय ती त्या मास्कची कृपा. घरी येऊन मी आईला धरलं, "तुला ठाऊक होतं?" आई कणीक मळत म्हणाली, "मी हलकाऱ्यांची सून. सांगितलेलं विचारते, विचारलेलं सांगते. मला काय ठाऊक असणार?" आणि पदरानं तोंड पुसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाना आले. बस सुरू झाल्या होत्या. वाळले होते, दाढी वाढली होती, दारातच उभं राहून त्यांनी हातापायांवर पाणी घेतलं. मी पाणी घालत होते. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "भिंग इतकं गोल कसं काढलंत?"

"बेअरिंग," नाना म्हणाले. "मोठं बेअरिंग कागदावर ठेवायचं, वळसा काढायचा. मग जरा सरकवून परत काढायचा. दोन वळसे एकमेकांत शिरतात तिथे तुझा मसूर तयार होतो." आणि आत गेले. रागाचं नाही, शाळेचं नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. खलिता काढला, आपट्याची पानं, झेंडू, वाटीत हळदकुंकू. अक्का सोवळं नेसून बाजूला बसल्या. नानांनी पूजा केली, हात जोडले. "यंदाचे सगळे निरोप पोचले," ते म्हणाले आणि थांबले.

अक्कांनी मान वर केली. "पुढे म्हण."

"एक राहिला, अक्का."

आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. अक्का त्या दिवशी तिथेच होत्या, कुणाचा निरोप ते त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता भडका उडणार, सात पिढ्या निघणार. त्यांनी पाटावरचा खलिता सरळ केला. मग म्हणाल्या, "ठेवून घेतलास इतके दिवस?"

"हो. हातून पोचवला गेला नाही."

"मग ज्याचा त्याला परत कर. देवासमोर कर."

नाना माझ्याकडे वळले. हात जोडलेलेच होते. आणि त्यांच्या त्या स्टोअरमधल्या सपाट आवाजात, एक शब्द न गाळता, त्यांनी म्हटलं, "'मॅडमना सांगा, गौरी हलकारेनं शाळा सोडली. माझं नाव काटा म्हणावं. तुम्हाला दहावी जमली नाही, मला कशी जमू द्याल.' हा तुझा निरोप. परत घेतेस, का पोचवू?"

माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. तिथे नुसता निरोप होता, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तो नक्की पोचवला असता. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी पुढे झाले आणि प्रसाद घेतात तसे दोन्ही हात ओंजळ करून त्यांच्यापुढे धरले.

"परत घेते, नाना."

नानांनी पाटावरची आपट्याची पानं उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. अक्कांनी डोळे टिपले, मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "परत गेला तो राहिला कुठे? म्हण रे, नीट म्हण."

आणि नानांनी परत हात जोडून, या वेळी मोठ्यानं, म्हटलं, "यंदाचे सगळे निरोप पोचले. एकही राहिला नाही."